हे फंक्शन कॉल कुणी केलं?

डीबेसमधला फॉर्म असा असे: ओळ आणि रकाना यांचे आकडे द्यायचे, 'से'ने प्रश्न छापायचा, 'गेट'ने उत्तरासाठी जागा सोडायची आणि सगळ्यांत खाली एकच शब्द लिहायचा, 'रीड'. रीडवर आला की प्रोग्राम ठाण मांडून बसे. कारकुनाने खातेनंबर भरला की नाव, नाव भरलं की रक्कम, रक्कम भरली की तारीख. नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्यातल्या दोन-तीन पतपेढ्यांसाठी लिहिलेले प्रोग्राम असेच होते. कारकुनाला रक्कम आधी भरायची लहर आली, तर त्याने लहर आवरायची. विचारणारा प्रोग्राम, उत्तर देणारा माणूस, आणि क्रम प्रोग्रामचा.

डीबेसच्या भाषेसाठीचा कंपायलर असलेल्या क्लिपरच्या 'समर ८७' आवृत्तीत गेटच्या शेपटीला 'व्हॅलिड' जोडता येई. व्हॅलिडपुढे आपण लिहिलेल्या फंक्शनचं नाव. कारकुनाने खातेनंबर भरून एंटर दाबलं की ते फंक्शन चाले, असा खातेदार फाइलमध्ये आहे का ते बघे, आणि 'नाही' असं उत्तर परतलं तर कर्सर जागचा हलत नसे. आता गंमत बघा. माझ्या अख्ख्या प्रोग्रामात हे फंक्शन चालवणारी ओळ म्हणून कुठेच नव्हती. मी फक्त त्याचं नाव सांगून ठेवलं होतं. चालवायचं कधी, हे रीड ठरवणार. कॉलबॅक हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता, पण महाराष्ट्रभरच्या क्लिपरवाल्यांनी पहिला कॉलबॅक लिहिला तो असा.

पुढे मी एका खासगी संस्थेत विंडोज प्रोग्रामिंग शिकवायला लागले. दर बॅचला, साधारण दुसऱ्या तासाला, मागच्या बाकावरून एक प्रश्न यायचाच: "मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण हे फंक्शन कॉल कुणी केलं?" सी शिकून आलेली ही मुलं. 'लेट अस सी' हे पुस्तक कोळून प्यायलेली. तिथे सगळं 'मेन'पासून सुरू होतं आणि बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत जाता येतं. इथे बोट ठेवायला जागाच नव्हती. बटणं, खिडक्या आणि माउस यांच्या प्रोग्रामिंगचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मला या एकाच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास वाटतो. घटनांची वाट बघत फिरणारा प्रोग्रामचा मुख्य फेरा कुणाच्या हातात? आणि तो आपल्या हातातून गेला, तर आपण कामाच्या कुठल्या पायरीवर आहोत याची नोंद कुणी ठेवायची?

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा बराच उशिरा सुचतो. त्याला अपवाद विल्यम न्यूमन. १९६३मध्ये आयव्हन सदरलंडने एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ यंत्रावर 'स्केचपॅड' केलं आणि माणूस प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढू लागला. पाचच वर्षांनी, १९६८मध्ये, न्यूमनने आपल्या 'रिअॅक्शन हँडलर'बद्दलचा निबंध वाचला. त्याने घटना आणि अवस्था यांचा आराखडाच प्रोग्रामबाहेर काढला. या अवस्थेत असताना लेखणी टेकली तर हे करा आणि त्या अवस्थेत जा; त्या अवस्थेत कळ दाबली तर ते करा आणि इकडे परत या. म्हणजे पायरीची नोंद आराखड्यात, प्रोग्राम फक्त प्रतिक्रिया देणारा. त्याच वर्षी डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्टने माउस दाखवला आणि तो जगाच्या लक्षात राहिला. न्यूमनचा आराखडा फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं लोक तोच पुन्हा पुन्हा शोधत राहिले.

झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात खिडक्या, मेनू, माउस सगळं आलं. पण तिथल्या स्मॉलटॉकमध्ये डोकावलं तर आश्चर्य वाटतं. नॉर्वेहून पाहुणा आलेल्या ट्रिग्वे रीन्सकाउगने १९७८-७९मध्ये मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी सुचवली. स्मॉलटॉक-८०मधला हा कंट्रोलर कुणी बोलावण्याची वाट बघत नसे. ज्या खिडकीचा अंमल चालू, तिचा कंट्रोलर स्वतःच फेऱ्या मारत सारखा विचारी: लाल बटण दाबलंय का? पिवळं? निळं? माउसच्या तीन बटणांना प्रोग्राममध्ये ही रंगांची नावं होती. माउस बाहेर गेला की हा कंट्रोलर गप्प आणि अंमल दुसऱ्याकडे. आज ज्या एमव्हीसीचं नाव घेतल्याशिवाय नोकरीची मुलाखत पार पडत नाही, त्याची सुरुवात या सततच्या विचारपुशीतली.

१९८४च्या जानेवारीत मॅकिंटॉश आला. १२८ किलोबाइट मेमरी, आणि ६४ किलोबाइट रॉममध्ये बसवलेलं टूलबॉक्स. मॅकचा मूळ प्रोग्राम मला आजही शिकवण्यासाठी सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात फेरा उघड्यावर असे आणि तो प्रोग्रामरने स्वतः लिहायचा असे. 'गेटनेक्स्टइव्हेंट' म्हणायचं, एक नोंद मिळे. काय झालं, कुठे झालं, कधी झालं, शिफ्ट किंवा कमांड कळ दाबलेली होती का. मग माउस नेमका कशावर पडला ते 'फाइंडविंडो'ला विचारायचं आणि पुढची वाट आपण ठरवायची. इतकंच नाही; त्याच फेऱ्यात 'सिस्टिमटास्क'ला न विसरता हाक मारावी लागे, नाहीतर कोपऱ्यातलं छोटं घड्याळ चालायचं थांबे. दुसऱ्याच्या घड्याळाची काळजी आपल्या प्रोग्रामने घ्यायची! तरी मुलांचा तो प्रश्न मॅकवर उद्भवला नसता. कॉल कुणी केला? तूच केलास, ही बघ ओळ.

तिथेही एक मेख होती. मेनू उघडला की 'मेनूसिलेक्ट' नावाचं फंक्शन ताबा घेई आणि बटण सुटेपर्यंत परतत नसे. मेनू धरून ठेवला की बाकीचा प्रोग्राम खोळंबलेला. म्हणजे फेऱ्यात आणखी एक फेरा, आणि तो आपला नाही.

विंडोजच्या बाबतीत मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं आयुष्य तिथे गेलं. पहिली आवृत्ती १९८५च्या नोव्हेंबरातली, पण आमच्याकडे खरी आली ती ३.० आणि १९९२ची ३.१. चार्ल्स पेट्झोल्डचं 'प्रोग्रामिंग विंडोज' हे जाडजूड पुस्तक आमचं बायबल. अप्पा बळवंत चौकात ते जुनं मिळालं तर माणूस पेढे वाटायचा बाकी राही. त्यातला पहिला प्रोग्राम खिडकीत नुसता नमस्कार दाखवतो, आणि तेवढ्यासाठी ऐंशीच्या आसपास ओळी लागतात. फेरा विंडोजमध्येही आपणच लिहायचा: 'गेटमेसेज'ने निरोप घ्या, 'ट्रान्सलेटमेसेज'मधून काढा, 'डिस्पॅचमेसेज'च्या हवाली करा. तीन ओळी. त्यांत कुठेही आपल्या विंडो प्रोसिजरचं नाव नाही. डिस्पॅच विंडोजच्या पोटात जातो, विंडोज खिडकीच्या नोंदीतून आपल्या प्रोसिजरचा पत्ता काढतं आणि उलट आपल्यालाच हाक मारतं. फेरा आपला, पण हाक त्यांची. मुलं गोंधळायची ती नेमकी याच वळणावर. शिवाय काही निरोप रांगेत लागतच नाहीत, विंडोज थेट प्रोसिजरला गाठतं. ते सांगितलं की वर्गात सुस्कारे ऐकू येत.

आणि 'मेकप्रॉकइन्स्टन्स'. हे नाव ऐकून पन्नाशी ओलांडलेले प्रोग्रामर अजून हसतात. त्या काळच्या विंडोजमध्ये एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती चालू असल्या तर कोड एकच, पण प्रत्येकीचा डेटा सेगमेंट वेगळा, आणि तो मेमरीत हलवलाही जाई. विंडोजने तुमच्या फंक्शनला हाक मारली, तर त्या फंक्शनला कळणार कसं की आपण कुठल्या प्रतीच्या डेटावर काम करतोय? विंडो प्रोसिजरची ही सोय विंडोज स्वतः बघे. डायलॉगला, टायमरला किंवा 'एनमविंडोज'ला दिलेल्या फंक्शनची सोय मात्र आपण करायची. मेकप्रॉकइन्स्टन्स त्या फंक्शनसाठी काही बाइटांचा एक छोटा तुकडा बनवून देई. तो तुकडा आधी आपल्या डेटा सेगमेंटचा पत्ता एका रजिस्टरमध्ये भरे आणि मग खऱ्या फंक्शनवर उडी मारे. शिवाय त्या फंक्शनचं नाव 'डेफ' फाइलमध्ये 'एक्सपोर्ट्स'खाली लिहायचं, म्हणजे फंक्शनच्या तोंडाशी असलेल्या सूचना प्रोग्राम मेमरीत चढताना बदलल्या जात. यातलं एक जरी राहिलं तर कंपायलर चकार शब्द काढत नसे. प्रोग्राम चाले, बटण दाबलं की भलत्याच ठिकाणचे आकडे उचले आणि मग कोसळे.

यावरचा उतारा मायकेल गिअरी नावाच्या प्रोग्रामरने काढला. त्याच्या लक्षात आलं, की विंडोज हाक मारतं तेव्हा स्टॅक आपल्याच प्रोग्रामचा असतो, आणि साध्या प्रोग्राममध्ये स्टॅक आणि डेटा एकाच सेगमेंटमध्ये राहतात. मग पत्ता बाहेरून आणायचा कशाला? स्टॅकच्या रजिस्टरवरून उतरवून घ्या, झालं. एवढ्या एका निरीक्षणाने तो सगळा विधी अनावश्यक ठरला. पुढे कंपायलरांनीच हे काम अंगावर घेतलं. बोरलंडच्या कंपायलरात त्याला 'स्मार्ट कॉलबॅक' म्हणत. इतकी वर्षं इतके लोक पेट्झोल्डच्या पुस्तकाप्रमाणे मुकाट्याने विधी करत होते. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे.

३.१मधली दुसरी आठवण वाळूच्या घड्याळाची. माउस आणि कीबोर्ड यांची रांग सगळ्या प्रोग्रामांना मिळून एकच, आणि ताबा सोडायचा की नाही हे प्रत्येक प्रोग्रामच्या मर्जीवर. दवाखान्यात कंपाउंडर एकेका पेशंटला आत सोडतो. आतल्या आजीबाईंनी डॉक्टरांना सुनेच्या तक्रारी सांगायला घेतल्या की बाहेरची सगळी रांग तिष्ठत बसते, तसं व्हायचं. एखाद्याने बटणाच्या फंक्शनमध्ये दहा हजार खात्यांचं व्याज काढायला घेतलं की शेजारच्या प्रोग्रामचीसुद्धा खिडकी रंगेनाशी होई. शहाणे लोक मोठं काम तुकड्यांत करत, मधेमधे 'पीकमेसेज'ने बाहेर कुणी आहे का बघत. विंडोज ९५ने नव्या प्रोग्रामांना वेगवेगळ्या रांगा दिल्या. तरी ज्याचं बटण त्याची खिडकी गोठणं काही सुटलं नाही, आजही सुटलेलं नाही. अँड्रॉइडवर मुख्य धाग्याने बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंदांत दाद दिली नाही, तर 'अॅप प्रतिसाद देत नाही' ही पाटी येते, तिचं मूळ हेच.

फेरा आपल्या हातातून पूर्ण काढून घेणारी मंडळी दुसरीकडे कामाला लागली होती. झेरॉक्सच्या मेसा भाषेभोवतीच्या साधनांवर रिचर्ड स्वीटने १९८५मध्ये लिहिलं, त्यात एका तत्त्वाला त्याने हॉलिवूडचा नियम म्हटलंय: तुम्ही आम्हाला फोन करू नका, आम्हीच करू. त्याच सुमारास अॅपलमध्ये लॅरी टेस्लरच्या पुढाकाराने मॅकअॅप हा प्रोग्रामांचा तयार सांगाडा आला. टेस्लर म्हणजे मोटारीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' लिहून फिरणारा माणूस. माणसाला प्रोग्रामच्या पायऱ्यांत अडकवू नये, हे त्याचं आयुष्यभराचं वेड. मला या माणसाबद्दल प्रेम आहे. पण त्या पायऱ्या नाहीशा होत नाहीत, त्या प्रोग्रामरच्या डोक्यावर येऊन बसतात, हे त्याच्या चाहत्यांनी फारसं सांगितलं नाही.

युनिक्सच्या बाजूला एमआयटीच्या 'प्रोजेक्ट अथीना'त १९८४मध्ये एक्स ही खिडक्यांची प्रणाली सुरू झाली. अकरावी आवृत्ती १९८७ची. तिथे घटना नेटवर्कच्या तारेवरून येत, प्रत्येकी बत्तीस बाइट. एवढ्या कच्च्या मालावर थेट काम करणं जिवावर येई म्हणून वर 'एक्सटी'चा थर चढला, आणि १९८९मध्ये त्याच्यावर मोटिफ. इथे कॉलबॅक हा शब्द खऱ्या अर्थाने रूढ झाला. 'एक्सटीअॅडकॉलबॅक'ला चार गोष्टी द्यायच्या: बटण, प्रसंगाचं नाव, फंक्शन आणि आपली एक पुरचुंडी. पुरचुंडी म्हणजे कशाचाही पत्ता चालणारा, जातकूळ नसलेला पॉइंटर. बटण दाबलं की फंक्शन चाले आणि पुरचुंडी जशीच्या तशी परत मिळे. मग शेवटी 'मेनलूप'ला हाक मारायची, ती परतत नाही. प्रोग्राम तिथे संपला. उरलं ते फक्त फंक्शनांचं भांडार.

त्या पुरचुंडीवर मी एक अख्खा तास घेत असे. मुलं हमखास एखाद्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता त्यात बांधून देत. फॉर्म बनवणारं फंक्शन संपलं की ते व्हेरिएबल गेलं, पत्ता मात्र पुरचुंडीत शिल्लक. तासाभराने कुणी बटण दाबलं की तिथे काहीतरी भलतंच. सकाळी बांधलेलं दुपारी सोडायचं आहे, मधे बांधणारा निघून गेलेला आहे, हे काळाचं भान सीच्या पुस्तकांत कुठेच शिकवलेलं नव्हतं. कार्नेगी मेलनच्या ब्रॅड मायर्सने १९९१मध्ये या गुंत्यावर निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच कॉलबॅकना स्पॅगेटी म्हटलं.

गुंता सोडवायला जो तो आपापली गाठ घेऊन आला. नेक्स्टवर फ्रेंच प्रोग्रामर जाँ-मारी उलो याच्या 'इंटरफेस बिल्डर'मध्ये बटणापासून वस्तूपर्यंत माउसने रेघच ओढायची. कुणाला कळवायचं आणि काय करायला सांगायचं, दोन्ही तिथे ठरे. नॉर्वेमध्ये हॉवर्ड नूर आणि आयरिक चांबे-एंग यांनी क्यूटीत सिग्नल आणि स्लॉट आणले. त्यासाठी सी++च्या आधी चालणारा वेगळा प्रीप्रोसेसर लिहिला, शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली, पण काम सुरेख. माझं स्वतःचं मत विचाराल तर १९९५ची डेल्फी. अँडर्स हायल्सबर्गने तिथे फंक्शनचा पत्ता आणि ते ज्या वस्तूचं आहे तिचा पत्ता, दोन्ही एकाच मूल्यात बांधले. पुरचुंडीची गरजच उरली नाही, आणि जात कंपायलर तपासी. इतकी साधी गोष्ट यायला इतकी वर्षं का लागली, हे मला अजून समजलेलं नाही.

पण लोकांनी डोक्यावर घेतलं ते व्हिज्युअल बेसिक, १९९१चं. मूळ कल्पना अॅलन कूपरची, त्याने ती मायक्रोसॉफ्टला विकली. बटण ओढा, दोनदा क्लिक करा, रिकामं 'कमांड१_क्लिक' समोर उघडं. फेरा कुठे, हाक कुणाची, विचारायचं कारणच नाही, नावातच जोडणी. पुण्या-मुंबईतल्या दवाखान्यांची बिलं, गोदामांचा साठा, शाळांची फी, सगळं पुढची दहा वर्षं यावर चाललं, आणि पुष्कळ ठिकाणी बटणाचं नाव बदलायचेसुद्धा कष्ट न घेता. व्हीबीवाल्या मुलांनी मला तो प्रश्न कधी विचारला नाही. मला ते खटकायचं.

व्हिज्युअल फॉक्सप्रोवाले विचारत, आणि त्यांची गोष्ट वेगळी. जुने डीबेस-क्लिपरवाले लोक तिकडे गेले होते. प्रोग्राम बनवून गिऱ्हाइकाकडे न्यावा, तर खिडकी क्षणभर चमके आणि सगळं बंद. कारण मुख्य प्रोग्रामच्या शेवटी 'रीड इव्हेंट्स' लिहायचं राहिलेलं असे. ते लिहिलं की प्रोग्राम तिथे ठाण मांडून बसे आणि 'क्लिअर इव्हेंट्स' म्हणेपर्यंत उठत नसे. शब्द तोच, रीड. फक्त आता तो एका फॉर्मच्या प्रश्नांसाठी नव्हे, कुठूनही येणाऱ्या कशाहीसाठी थांबलेला.

जावाने १९९६मध्ये सुरुवात इतकी वाईट केली, की तिच्याबद्दल थोडक्यात उरकते. सगळ्या बटणांचा मजकूर एका 'अॅक्शन' मेथडमध्ये यायचा आणि कुठलं बटण ते ओळखायला पुस्तकांतली उदाहरणं चक्क बटणावरची अक्षरं ताडून बघत. पाटी इंग्रजीची मराठी केली की बटण मेलं. पुढच्याच वर्षी १.१मध्ये ते मोडून 'लिसनर' आले, आणि त्यासाठी वर्गात वर्ग लिहिण्याची सोय भाषेतच करावी लागली. हायल्सबर्ग एव्हाना मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेला. त्याने डेल्फीतली कल्पना 'डेलिगेट' म्हणून मायक्रोसॉफ्टच्या जावात घातली, जावाची मालक कंपनी सन, तिने त्याविरुद्ध जाहीर लेख काढला, भांडण झालं. शेवटी डेलिगेटना सी शार्पमध्ये घर मिळालं.

आता तो दुसरा, राहिलेला प्रश्न. जुन्या पतपेढीच्या प्रोग्रामात कारकून कुठल्या पायरीवर आहे, हे वेगळं लिहून ठेवावं लागत नसे. प्रोग्राम ज्या ओळीवर थांबलाय ती ओळच पायरी. कॉलबॅकमध्ये प्रत्येक फंक्शन आपलं काम करून ताबडतोब परतायला बांधलेलं. मग पायरी कुठे लिहायची? आम्ही ग्लोबल व्हेरिएबलमध्ये लिहिली. पावती छापून झाली का, रक्कम तपासली का, 'रद्द' दाबलं होतं का: ध्वजांच्या ओळीच्या ओळी. आणि दोन ध्वजांचं जमेना की ग्राहकाकडून फोन.

ब्राउझरमध्ये तर ही अडचण कळसाला गेली. १९९५मध्ये ब्रेंडन आइकने जावास्क्रिप्ट केली ती 'ऑनक्लिक'पुरती. पुढे प्रत्येक गोष्ट सर्व्हरला विचारून यायला लागली, आणि २००९मध्ये रायन डालच्या नोडने तर सर्व्हरच या पद्धतीवर उभा केला. उत्तर आलं की हे फंक्शन, त्यात पुढचा प्रश्न, त्याचं उत्तर आलं की आतलं फंक्शन. कोड उजवीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर. 'प्रॉमिस' ही कल्पना बार्बरा लिस्कॉव्ह आणि ल्युबा श्रिरा यांनी १९८८मध्येच मांडली होती. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात ती २०१५मध्ये आली. 'असिंक-अवेट' सी शार्पमध्ये २०१२ला, जावास्क्रिप्टमध्ये २०१७ला. अवेट लिहिलं की फंक्शन त्या ओळीवर थांबल्यासारखं दिसतं, पण फेरा मोकळा असतो. आतल्या आत कंपायलर त्याच फंक्शनचे तुकडे करतो, आपण कुठल्या पायरीवर आहोत त्याचा आकडा एका लपलेल्या वस्तूत ठेवतो, आणि उत्तर आलं की तिथून पुढे चालू. न्यूमनचा अवस्थांचा आराखडा, पण काढण्याचं काम यंत्राचं. लिहिणाऱ्याला मात्र वाचता येतं ते वरून खाली: खातेनंबर, नाव, रक्कम, तारीख.

गेल्या बॅचमध्ये एका मुलीने तोच प्रश्न सी शार्पवर विचारला, तेव्हा मी फळ्याकडे गेले नाही. तिला बटणाच्या फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट लावायला सांगितला, बटण दाबायला लावलं आणि कॉल स्टॅकची खिडकी उघडली. बाहेरचा कोड लपवण्याची खूण काढून टाकली. वर तिचं 'बटन१_क्लिक', त्याखाली 'ऑनक्लिक', 'ऑनमाउसअप', 'विंडप्रॉक', आणखी खाली 'डिस्पॅचमेसेज', मग 'रनमेसेजलूप', मग 'अॅप्लिकेशन डॉट रन', आणि तळाशी 'मेन'. तिने बोट ठेवत ठेवत खालून वर नेलं. मग विचारलं, "आणि मॅडम, मी अवेट लावलं तर हा स्टॅक असाच दिसेल का?" लाव आणि बघ, म्हटलं.